एक्केचाळीस हुंकार

१

शनिवारी दुपारी धम्मानंद मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचा आणि 'हं' कापत बसायचा.

त्याच्या कार्यक्रमाचं नाव 'सवडीनं'. दर रविवारी दुपारी बाराला परभणीतल्या एका छोट्या सामुदायिक रेडिओवर तो लागे आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवाल्यांसाठी पॉडकास्ट म्हणून चढे. ना जाहिरात, ना पुढाऱ्याचं भाषण. विषय असे, की शेजारी म्हणत, यात ऐकायसारखं काय हाय? लग्नात रुसायचा मान ठरावीक माणसालाच का, निजामाचं राज्य गेलं तरी कचेरीतली त्याची भाषा का गेली नाही, पंगतीत मीठ आधी का वाढतात. भानामतीवर तर त्याने दोन भाग केले होते आणि तिचं कंबरडं मोडलं होतं. पोट कॉलेजात समाजशास्त्र शिकवून भरे, पण जीव रमे तो इथे.

मागच्या खोलीच्या चारी भिंतींवर वाकळा ठोकलेल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. वाकळा त्याच्या मायच्या, सुलाबाईच्या हातच्या. आता ते हात काही शिवत नव्हते. दोन वर्षांमागे तिला लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समोरच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिचा पलंग होता. तिच्याजवळ उरला होता एकच आवाज: हं. चढता हं म्हणजे हो, पडता हं म्हणजे नको. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हा एक आवाज जपा. पुढं शब्द आले तर ह्याच दारातून येतील. हे दार लागलं, की मग आशा धरू नका." धम्मानंद रोज तिच्याशी तासभर बोलायचा आणि ती 'धम्मा' म्हणेल याची वाट बघायचा.

सुलाबाईला अक्षरओळख नव्हती. पण धम्मानंद शाळेत होता तेव्हा भाकरी थापता थापता ती म्हणे, "वाच, मी हुंकार देते." तो वाचायचा आणि प्रत्येक वाक्याला ती 'हं' म्हणायची. तिला त्यातलं किती कळे, देव जाणे, आणि या घरात देव नव्हता. पण त्या हुंकारावर पोरगं एमए झालं.

आणि तेच पोरगं आता हुंकार कापत होतं. इअरफोन लावून ऐकणाऱ्याला दर वाक्याला मुलाखत घेणाऱ्याचं हं-हं नको असतं. माशी घोंगावल्यासारखं वाटतं. म्हणून तो ते एकेक करून काढायचा. इतकी सफाई होती, की ऐकणाऱ्याला वाटावं, समोरचा माणूस आपल्याशीच बोलतोय, मध्ये कुणी नव्हतंच.

२

त्या आठवड्याचं रेकॉर्डिंग येलदरीचं होतं. धरणाच्या मागच्या अंगाला धनगरांचा तळ पडला होता आणि तिथल्या कासाबाईला गोष्टी येतात असं त्याला कळलं होतं. एसटीने जिंतूर, तिथून जीप, मग पायी. कासाबाई सत्तरीच्या पुढची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर कोकरू. माइकला तिने कोकराएवढंसुद्धा मोजलं नाही. तिने एकच विचारलं.

"हुंकार कोन देनार?"

"मी देतो की, आजी."

"गोष्ट सरस्तोर सोडायचा न्हाई. दमलात तर सांगा, दुसऱ्याला देऊ. पर मदीच सोडायचा न्हाई."

धम्मानंद खूश झाला. असल्या वाक्यांवर त्याचे भाग चालत. गोष्टही छान होती. सात भावांची बहीण हरवलेली मेंढी शोधायला निघते आणि वाटेत बोरीला, नदीला, वारुळाला विचारत जाते. तो दर वाक्याला हुंकार देत होता. एकदाच, यंत्राची बॅटरी बघायला त्याने मान खाली घातली, तर कासाबाई वाक्य अर्ध्यात टाकून थांबली. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत राहिल्या.

"मास्तर, कुटं गेलते?"

"इथंच हाय की."

"हुंकार न्हाई आला. जागा मोकळी पडली." तिने त्याच्या शेजारच्या जमिनीकडे क्षणभर बघितलं आणि मग गोष्ट पुढे उचलली. शेवटी मेंढी सापडली, बहीण घरी आली, कासाबाईने "सरली" म्हणून जमिनीवर थाप मारली. त्यानंतर चहा झाला. सगळं कसं यथासांग.

३

शनिवारी त्याने आपले हुंकार मोजून कापले. एक्केचाळीस भरले. मग जागा जोडून घेतल्या आणि डोळे मिटून सुरुवातीपासून ऐकलं.

बहीण बोरीजवळ आली तिथे कुणीतरी 'हं' म्हणालं.

राहिला एखादा, असं म्हणत त्याने तो काढला. पुन्हा ऐकलं. आता बोरीजवळ काही नव्हतं, नदीजवळ होता. तो काढला. मग वारुळाजवळ. तासाभरात त्याने नऊ हुंकार काढले आणि प्रत्येक वेळी वाटलं, आपण आधी नीट बघितलं नाही. माणसाचं डोकं असं असतं. स्वतःला वेंधळा म्हणेल, पण दुसरं काही म्हणणार नाही.

मात्र एक गोष्ट त्याला खटकली. हे हुंकार वाक्य संपल्यावर येत नव्हते, संपायच्या जरासे आधी येत होते, वाक्य कुठे संपणार हे ठाऊक असल्यासारखे. आणि ते फार जवळून येत होते. तो स्वतः माइकपासून दोन हात लांब बसला होता. हा आवाज माइकला ओठ लावून आल्यासारखा होता.

त्याने बायकोला हाक मारली. साक्षी सरकारी दवाखान्यात परिचारिका, घरात सगळ्यांत शहाणी. तिने इअरफोन कानात घालून गोष्टीची सगळी सहा मिनिटं ऐकली.

"लय गोड सांगतात हो आजी."

"मधी कुणी हं म्हणतंय का?"

"कुणी न्हाई. तुमी आठ दिवस झाले, नीट झोपायले न्हाईत."

सुंठेवाचून खोकला गेला, असं त्याने मानलं आणि भाग पाठवून दिला.

४

रविवारी बाराला साक्षीने नेहमीप्रमाणे रेडिओ सुलाबाईच्या उशाशी ठेवला. पलंगासमोर लाल प्लास्टिकची खुर्ची होती, भेटायला येणाऱ्यांची. त्या दिवशी तिच्यावर कुणी नव्हतं. कासाबाईचा आवाज खोलीत आला. सात भाऊ होते, त्यांची एक बहीण होती.

"हं," सुलाबाई म्हणाली.

धम्मानंद दारात उभा होता. एकदा मेंढी हरवली.

"हं."

हा हो नव्हता आणि नकोही नव्हता. हा तिसराच, खालच्या पट्टीतला, पुढे चल म्हणणारा. पस्तीस वर्षांपूर्वी चुलीपाशी बसून दिलेला. दोन वर्षांत माय पहिल्यांदा कशात तरी सामील झाली होती. धम्मानंद आत आला. तो पलंगाशी बसला, तिचा बरा हात हातात घेतला आणि लहान पोरासारखा रडला. साक्षीही डोळे पुसत म्हणाली, "बगा, तुमच्या कार्यक्रमानं जे केलं, ते औषधानं न्हाई झालं."

गोष्ट संपली. साक्षीने रेडिओ बंद केला आणि ताटं वाढायला गेली. धम्मानंदने मायच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"आवडली का गं गोष्ट?"

सुलाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. तिची नजर लाल खुर्चीवर होती. जरा वेळ गेला, एखादं वाक्य होईल इतका.

"हं," ती म्हणाली.

५

आधी वाटलं, तहान लागली असेल. मग वाटलं, गोष्ट डोक्यात घोळत असेल. सोमवारी सकाळीही ते चालूच होतं. डोळा लागला तेवढं थांबे, जाग आली की सुरू. मध्ये सारखं अंतर नव्हतं. कधी छोटं, कधी लांब, जशी वाक्यं असतात तसं. एकदा तर दोन हुंकार लागोपाठ आले, घाईघाईने, गोष्टीत काहीतरी भलतं घडल्यासारखे.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. मेंदूला मार बसला की एखादी हालचाल अशी पुन्हापुन्हा होत राहते, म्हणाले. साक्षीनेही वॉर्डात असे पेशंट पाहिले होते. धम्मानंदला हे पटलं, आणि पटल्याचं समाधान वाटलं. तरी लाल खुर्ची त्याने उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली. सुलाबाईची नजर खुर्चीबरोबर दारापर्यंत गेली आणि सबंध दिवस त्या दारावर राहिली. संध्याकाळी तिची मान आखडली, तेव्हा त्याने मुकाट्याने खुर्ची परत आणली.

"माय, पाणी देऊ?"

उत्तर नाही. चढता नाही, पडता नाही. तिचा सगळा 'हं' दुसरीकडे लागला होता. डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं दार उघडं होतं, पण आता त्या दारात धम्मानंदला जागा नव्हती.

त्याहून वाईट ते जेवणाचं. तोंडात पेजेचा चमचा घातला, की गिळायच्या आधीच हुंकाराची वेळ येई. पेज तोंडात असताना ती 'हं' म्हणे आणि ठसका लागे. मंगळवारी ठसका इतका लागला की ओठ निळे पडले. साक्षीने तिला कुशीवर वळवून पाठीत थापट्या मारल्या, आणि तशा आडव्या पडल्या पडल्या, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, खोकल्याच्या दोन उबळींच्या मध्ये सुलाबाई म्हणाली, "हं."

"असंच चाललं तर छातीत पेज उतरंल हो," साक्षी स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाली. "उद्यापर्यंत थांबलं न्हाई तर भरती करू. नळी घालावी लागंल. आणि ह्या वयात नळी घातली की…" पुढचं तिने सांगितलं नाही. ते न सांगताच धम्मानंदला कळलं.

६

बुधवारी साक्षी ड्यूटीला गेल्यावर धम्मानंदने आपल्या धंद्याचा उपाय केला. माइक मायच्या खोलीत लावला, दहा मिनिटं आवाज भरून घेतला आणि मागच्या खोलीत संगणकावर बघितला.

पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. ती कधीच पुरती सपाट नसते. रिकाम्या खोलीतही पंखा असतो, रस्त्यावरचा भंगारवाला असतो, भिंतीवरची पाल असते; रेघ बारीक थरथरत राहते. ती पुरती सपाट होते ती एकाच कारणाने, कुणीतरी तिथला आवाज कापून काढलेला असतो. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सुलाबाईचे हुंकार स्पष्ट आले होते. हुंकाराच्या अगदी आगेमागे, क्षणभर, पंखाही होता, भंगारवालाही होता. पण दोन हुंकारांच्या मध्ये रेघ सपाट होती. पंखा नाही, रस्ता नाही, त्याचा स्वतःचा श्वास नाही. तिथे काही नव्हतं असं नाही. तिथलं काहीतरी काढून टाकलेलं होतं, आणि त्याच्यासारख्याच सफाईने.

त्याने इअरफोन काढून ठेवले. मग त्याने कासाबाईचा मुलगा भागवत याला फोन लावला. भागवतने फोन आईकडे दिला. मागे घंटा वाजत होत्या.

"मास्तर, मी तुमालाच इचारनार व्हते," कासाबाई म्हणाली. "भागवतनं मला ती गोष्ट ऐकिवली. त्यात हुंकार कोन देयलंय?"

"कुणी न्हाई, आजी. माझे होते ते मी काढले."

"तुमचा न्हाई त्यो. तुमचा आवाज मला ठावं हाय." मग तिने विचारलं, "काडले म्हंजी? दिलेला हुंकार माघारी घेतला व्हय?"

धम्मानंदने ते कबूल केलं. त्याने मायचं सगळं सांगितलं, पेजेचं, ठसक्याचं. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की पलीकडून कासाबाई दर वाक्याला हं म्हणत होती, आणि त्या आधारावरच आपण धड बोलू शकतोय.

"आजी, तुमची गोष्ट तिच्या डोक्यात बसलीय. ती सरली असं तिला सांगा तुमी. मी फोन तिच्या कानाला लावतो."

"माजी त्याच दिशी सरली. मी थाप मारली न्हवं का? तुमची माय ऐकायलीय ती माजी न्हाई."

"मग कुणाची?"

घंटा वाजत राहिल्या.

"तुमी मोकळ्या केलेल्या जागंत ज्यो बसला, त्याची. तिला इसावा द्या," कासाबाई म्हणाली. "बाई दमली आसंल. दुसऱ्यानं हुंकार घ्यावा लागतो. पर मास्तर, घेतला की मग…" आणि रेंज गेली. त्याने सहा वेळा लावून बघितला. फोन लागला नाही.

७

गुरुवारी सकाळी साक्षी जाताना म्हणाली, "तीनला येते. मग रिक्षा करून भरती करू." तिने पिशवी भरून ठेवली होती: चादर, लोटा, कागदपत्रं.

दुपारी बाराला धम्मानंद स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आला आणि पलंगाला लावून बसला, मायच्या शेजारी, लाल खुर्चीकडे तोंड करून. त्याला स्वतःचं हसू येत होतं. भानामतीचं कंबरडं मोडणारा माणूस रिकाम्या खुर्चीसमोर बसलाय. हा उपचार आहे, त्याने स्वतःला समजावलं. तिच्या मेंदूला वाटतंय की हुंकार द्यायचाय. मी दिला की तिला वाटेल, दिला गेला. यात गूढ काही नाही.

सुलाबाईने श्वास घेतला. ती बोलायच्या आत तो म्हणाला, "हं."

तिचे ओठ थरथरले आणि मिटले. पंखा घरघरत होता. मग तो ऐकू येईनासा झाला. पाती फिरताना दिसत होती.

"हं," धम्मानंद म्हणाला, आणि पंख्याचा आवाज परत आला.

चौथ्या-पाचव्या हुंकाराला सुलाबाईची मान उशीवर सैल पडली. तिने डोळे मिटले, आवंढा गिळला, ठसका लागला नाही. पाच दिवसांत पहिल्यांदा ती जागेपणी गप्प होती. धम्मानंदला इतका आनंद झाला की तिच्याकडे वळावं, तिच्या गालाला हात लावावा. पण जागा जवळ येत होती. कुठली जागा, हे त्याला सांगता आलं नसतं; फक्त ती येतेय एवढं कळत होतं, वाक्य संपायच्या जरासं आधी.

"हं."

आता मधली शांतता तितकी सपाट राहिली नव्हती. आधी नुसता श्वास, सांगणारा पुढच्या वाक्याआधी घेतो तसा, आणि फार जवळ. मग शब्दासारखं काहीतरी. एखादा कळला, दुसरा निसटला. एक घर होतं. त्याच्या भिंतींना वाकळा होत्या. त्याने नजर खाली वळवली, म्हणून खुर्चीचे पाय तेवढे दिसले. लाल प्लास्टिकचे ते चार पाय फरशीवर किंचित फाकलेले होते, भारी माणूस बसल्यावर फाकतात तसे. तो बघत असतानाच मागचे दोन सरळ झाले आणि पुढचे दोन आणखी फाकले. कुणीतरी त्याच्याकडे झुकलं होतं.

"हं," धम्मानंद म्हणाला.

८

तीनला दार वाजलं, चपला वाजल्या. साक्षी आत आली ती पलंगाकडे बघून थबकली. सुलाबाई जागी होती. डोळे स्वच्छ, ओठांना रंग आलेला. साक्षीने घाईने पेज आणली. सुलाबाईने आठ चमचे न ठसकता गिळले आणि नवव्याला मान हलवून नको म्हटलं.

"अहो, काय केलंत तुमी? एका दुपारीत?"

धम्मानंद स्टुलावर ताठ बसला होता. "हं," तो म्हणाला.

सुलाबाईने मान वळवून लेकाकडे बघितलं. तिच्या जबड्याचा बरा भाग हलला, थांबला, पुन्हा हलला. आवाज खोल आडातून पोहरा यावा तसा हळूहळू वर आला.

"धम्मा."

साक्षीच्या हातातली वाटी फरशीवर पडली. "आई बोलल्या! अहो, ऐकलं का? तुमाला हाक मारली!"

त्याने ऐकलं होतं. दोन वर्षं तो या हाकेसाठी रोज तासभर बोलत बसला होता. हाक ऐकून त्याचे डोळे भरून आले, गालावरून पाणी ओघळलं. पण नजर खुर्चीवरून हलवायची सोय नव्हती. त्याने हुंकार सोडला तर तो उचलायला खोलीत मायच आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"धम्मा," सुलाबाई पुन्हा म्हणाली.

"हं," तो म्हणाला.

साक्षी हसत होती, रडत होती, डॉक्टरांना लावायला फोन शोधत होती. सुलाबाई हसली नाही. तिने जन्मभर हुंकार दिले होते. कुठला हुंकार कुणाला असतो हे तिला ओळखू येत होतं. तिने लेकाच्या तोंडाकडे बघितलं, मग लाल खुर्चीकडे बघितलं, आणि बऱ्या हाताने पलंगाची कड धरून ती उठून बसायची धडपड करू लागली.

पंख्याचा आवाज गेला.

सुलाबाईने लेकाचा हुंकार आपल्याकडे घ्यायला श्वास ओढला. धम्मानंदला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, आणि तिच्या आधी तो घाईने म्हणाला, "हं."